फुकट वायफाय बिघडवून पैशाचं वायफाय विकता येत नाही

लॉज, होमस्टे, कॅफे आणि अभ्यासिका चालवणाऱ्या समस्त मालक मंडळींना,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

गेली पंधरा-सोळा वर्षं मी तुमच्याच छतांवर चढतोय. केबल ओढणं, ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) टांगणं, माकडांनी तोडलेली वायर बदलणं (महाबळेश्वरवाल्यांना वेगळं सांगायला नको) आणि रात्री साडेअकराला ‘अहो, नेट गेलंय, पाहुणे ओरडतायत’ असा फोन घेणं, हा माझा धंदा. हल्ली मात्र एक नवीनच मागणी कानावर येते. पाहुण्यांना वायफाय फुकट द्यायचं, पण त्यातल्या काहींनी तरी पैसे भरून चांगलं घ्यावं. इथवर काहीच चुकीचं नाही. लाइनचं भाडं तुम्ही भरता, इन्व्हर्टर तुमचा, माझं बिलही तुमच्याच गल्ल्यातून निघतं. अडचण पुढच्या वाक्यात असते: ‘फुकटवाल्यांचा स्पीड एवढा पाडा की झक मारत पैसे भरतील.’

गेल्या उन्हाळ्यात चार मालकांनी मला हे सांगितलं. तिघांची समजूत काढली. चौथ्याचं ऐकलं.

समुद्राला लागून चौदा खोल्यांचा लॉज. फुकटचा स्पीड 128 केबीपीएसवर आणून ठेवला. म्हणजे व्हॉट्सॲपवर अक्षरं जातात, फोटो गोल गोल फिरत राहतो. शेजारी शंभर रुपयांचा दिवसाचा पास ठेवला, त्याला 20 एमबीपीएस, म्हणजे दीडशे पटींहून जास्त. मालक खूश होता, म्हणाला, आता बघा गंमत. गंमत अशी झाली की पाहुण्यांनी ‘फुकटचं हळू आहे, पैशाचं जोरात असेल’ असा विचारच केला नाही. ‘इथलं नेट बेकार आहे’ असं म्हणून ते मोकळे झाले. जे नेट बेकार आहे त्याला शंभर रुपये कोण घालेल? पास पडून राहिले आणि इंटरनेटवर लॉजखाली अभिप्राय मात्र साचले: जेवण उत्तम, वायफाय भंगार. भर दुपारी मला बोलावून मालकाने सगळं पूर्ववत करून घेतलं, वर मलाच विचारलं, ‘तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?’ बोललो होतो. असो.

आंबेवाला गिऱ्हाइकाला फोड कापून देतो ती पेटीतल्याच आंब्याची. सडका आंबा चाखायला देऊन ‘पेटीतले गोड आहेत, घ्या’ असं कुणी म्हणत नाही. तुमचं फुकट वायफाय ही तुमची फोड आहे. ती लहान असू द्या, पण खराब असून चालणार नाही.

आता दुसरी बाजूही मान्य करतो. पैसे देऊन वायफाय घेण्याचं कारणच मुळात कमी झालंय. जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रलला गूगलने रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीबरोबर स्टेशनवरचं फुकट वायफाय सुरू केलं, तेव्हा लोक गाडी पकडायला नाही, सिनेमा उतरवून घ्यायला फलाटावर जाऊन बसायचे. त्याच वर्षी 5 सप्टेंबरला जिओ आलं आणि सगळा हिशोबच बदलला. पुढे 2018 च्या मध्यापर्यंत हे वायफाय चारशे स्टेशनांवर पोचलं, आणि फेब्रुवारी 2020 मध्ये गूगलने ते आवरतं घेत असल्याचं जाहीर केलं. कारणांत एक हेच होतं की पाच वर्षांत भारतातला मोबाइल डेटा 95 टक्क्यांनी स्वस्त झालाय. एवढ्या मोठ्या कंपनीचं गणित जुळलं नाही तिथे चौदा खोल्यांच्या लॉजचं कसं जुळणार?

जुळू शकतं. कारण तुम्हाला सगळ्यांना विकायचंच नाहीये. ज्याच्या फोनमध्ये रोजचा दीड-दोन जीबी आहे, जो दोन दिवस फिरायला आलाय, तो तुमचं गिऱ्हाईक नव्हे. त्याला फुकटचं द्या आणि हसून नमस्कार करा. विकत घेणारे वेगळे असतात. रजा न मिळाल्यामुळे लॅपटॉप घेऊन आलेला आणि सकाळी दहाला मीटिंगला बसणारा मुलगा. पाच मित्रांचा घोळका, ज्यांना रात्री खोलीतल्या टीव्हीवर मॅच लावायचीय. अमेरिकेहून आईवडिलांना घेऊन गणपतीत गावी आलेली मुलगी, जिच्या फोनमधलं परदेशी सिम इथे मोजून डेटा खातं. शिवाय कोकणात नि सह्याद्रीच्या कुशीत अशी कितीतरी गावं आहेत जिथे पावसाळ्यात रेंज पाहुण्यासारखी येते नि जाते. ही माणसं शंभर-दीडशे रुपये सहज देतात. फक्त तुम्ही त्यांना विकताय काय, ते नीट सांगा.

‘हाय स्पीड’ असं लिहून विकू नका. तो शब्द आता खानावळीबाहेरच्या ‘घरगुती चव’ इतका गुळगुळीत झालाय. मीटिंगवाल्या मुलाला वेग नकोच असतो, त्याला खात्री हवी असते. त्याचा आवाज मध्येच तुटू नये, दर अर्ध्या तासाने लॉगिनचं पान डोकं वर काढू नये, आणि त्याचा चढता वेग, म्हणजे त्याच्याकडून बाहेर जाणारा, दोन-तीन एमबीपीएसच्या खाली जाऊ नये. बहुतेक जण खाली येणारा वेगच मोजतात आणि चढत्याकडे बघत नाहीत. पासवर हेच लिहा: कामाचा पास, दिवसभर, मीटिंगसाठी. एका होमस्टेच्या वहिनींनी तर काही छापलंच नाही. पाहुण्याच्या हातात लॅपटॉपची बॅग दिसली की त्या विचारतात, ‘काम आहे का हो उद्या? मग तुम्हाला वेगळं नेट देते, वरच्या व्हरांड्यात टेबल लावून देते, त्याचे दीडशे होतील.’ माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत सर्वात जास्त पास त्यांचे जातात.

त्या व्हरांड्याची गोष्ट महत्त्वाची आहे. लाइन 200 एमबीपीएसची असली तरी शेवटच्या खोलीत भिंतींपलीकडून कण्हत येणारा सिग्नल असेल, तर तिथे पास विकणं ही फसवणूक आहे. वायफायवर एका वेळी एकच जण बोलतो. लांबच्या खोलीतला जुना फोन अडखळत बोलायला लागला की तेवढा वेळ बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि त्यात तुमचे पैसे भरलेले पाहुणेही आले. स्पीडची मर्यादा बदलून हे सुटत नाही. तिथे आणखी एक ॲक्सेस पॉइंट लागतो, आणि तोही वायरने जोडलेला. आधी तो टांगा, मग पास छापा. (यात माझा फायदा आहे हे मला कळतं. दुसऱ्याकडून टांगून घ्या, चालेल.)

रेल्वेचं उदाहरण पुन्हा घेतो, कारण गूगल गेल्यावर रेलटेलने जे केलं ते आपल्याला शिकण्यासारखं आहे. मार्च 2021 मध्ये त्यांनी चार हजारांहून जास्त स्टेशनांवर पैशाचे प्लॅन आणले. फुकटचं बंद केलं नाही: रोज अर्धा तास, 1 एमबीपीएसने, कुणालाही. त्यापुढे 10 रुपयांत एका दिवसासाठी 5 जीबी, वेग 34 एमबीपीएसपर्यंत. सर्वात मोठा प्लॅन महिन्याचा, 70 रुपयांत 60 जीबी, कर वेगळा. दोन गोष्टी बघा. फुकटचा अर्धा तास खरोखर कामाचा आहे. तेवढ्यात तिकीट काढता येतं, घरी फोन होतो. फलाटावरच्या त्या फुकट नेटवर काय होऊ शकतं हे एर्नाकुलमच्या एका हमालाने दाखवलं. ओझी वाहता वाहता कानात इअरफोन घालून तो केरळ लोकसेवा आयोगाचा अभ्यास करायचा आणि 2018 मध्ये लेखी परीक्षा पास झाला. दुसरी गोष्ट म्हणजे पहिली पायरी दहाच रुपयांची. चहाच्या भावात माणूस फार विचार करत नाही. तुमच्याकडे पहिलीच पायरी तीनशेची असते आणि मग तुम्ही म्हणता, लोक चिकट आहेत.

आणि टोकाचं उदाहरण हवं तर अमेरिकेतलं घ्या. नॅशविलमधल्या मॅरियटच्या एका मोठ्या हॉटेलात परिषदांसाठी येणाऱ्यांना वायफायसाठी एका उपकरणामागे 250 ते 1000 डॉलर मोजावे लागत. लोक स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट लावायला लागले, तेव्हा हॉटेलातून तेच हॉटस्पॉट तोडले गेले. ऑक्टोबर 2014 मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने सहा लाख डॉलरचा दंड बसवला. आपल्याकडेही एका मालकाने मला हळूच विचारलं होतं, ‘पाहुण्यांचे हॉटस्पॉट बंद पाडता येतात का हो?’ येतात. मी पाडणार नाही, आणि तुम्हीही कुणाकडून पाडून घेऊ नका.

आता जिथे पैसे द्यायला तयार झालेलं गिऱ्हाईक हातचं जातं ती जागा, म्हणजे पैसे भरण्याचं पान. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण निम्मे पास इथे मरतात.

फोन तुमच्या वायफायला जोडला की तो गुपचूप एका ठरलेल्या पत्त्यावर हाक मारून बघतो. ठरलेलं उत्तर आलं नाही की त्याला कळतं, दारात कुणीतरी बसलंय, आणि तो लॉगिनचं छोटं पान उघडतो. हे पान म्हणजे पूर्ण ब्राउझर नव्हे. त्याच्यावर तुम्ही यूपीआयचं बटण ठेवलंत. पाहुण्याने ते दाबलं, तर कधी ॲप उघडतच नाही, कधी उघडतं आणि मागचं पान मिटतं. पान मिटलं की कित्येक फोन वायफायच सोडून देतात. बरं, ॲप उघडलं तरी त्याला नेट हवं. तुमचं नेट अजून मिळालेलं नाही, आणि मोबाइलला रेंज असती तर तो तुमच्याकडे आला कशाला असता? नेट विकत घ्यायला नेट लागतं, असा हा प्रकार आहे. ओटीपीचंही तसंच. जिथे वायफायची सर्वात जास्त गरज आहे, तिथेच एसएमएस पोचत नाही. पाहुणा खिडकीबाहेर हात काढून फोन धरून उभा, आणि आत तुमचं पान साठ सेकंद मोजतंय.

म्हणून पैसे पानावर घेऊच नका, निदान छोट्या ठिकाणी तरी. काउंटरवर चिठ्ठी द्या आणि रक्कम खोलीच्या बिलात लावा. चिठ्ठीवर सहा अक्षरांचा कोड, त्यात शून्य आणि ओ, एक आणि छोटा एल ही भावंडं नकोत. पानावरच घ्यायचे असतील तर पैसे भरण्यासाठी आधी दहा मिनिटं नेट मोकळं सोडा. त्या दहा मिनिटांत कुणी तुमचं काही लुटून नेत नाही.

कोड फोनला बांधू नका, खोलीला किंवा माणसाला बांधा. पूर्वी प्रत्येक फोनचा एक कायमचा पत्ता असायचा आणि राउटर तो ओळखायचा. अँड्रॉइडने 2019 पासून आणि आयफोनने 2020 पासून दर नेटवर्कसाठी बनावट पत्ता द्यायला सुरुवात केली. माणसाच्या खाजगीपणासाठी ते चांगलंच आहे, पण तुमचं ‘एका फोनला दिवसाला तीस मिनिटं’ हे गणित त्यात चुकतं. चलाख पोरगा पत्ता बदलून नवा होऊन येऊ शकतो. त्याचं सोडा, पण पत्ता बदलल्यामुळे पैसे भरलेल्या काकांना पुन्हा पैसे मागणारं पान दिसतं, ते काका खाली येऊन जो आवाज काढतात तो मी ऐकलेला आहे. एका पासवर दोन-तीन उपकरणं चालू द्या. फोन आणि लॅपटॉप एकाच माणसाचे असतात. दोघांचे वेगळे पैसे मागणं म्हणजे एका पाहुण्याच्या दोन चपलांचं वेगळं भाडं लावणं झालं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. पाहुण्याची ओळख नोंदवावी लागते, ती कटकट उगाच आलेली नाही. 26 जुलै 2008 ला अहमदाबादेत स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी आलेला ईमेल सानपाड्यातल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेल्याचं निघालं. त्या घरातल्या माणसाला काहीच माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी दूरसंचार विभागाने सूचना काढल्या आणि ओटीपी आपल्या नशिबी आला. पण परदेशी नंबरवर हा ओटीपी बहुधा पोचत नाही. परदेशी पाहुणा आल्याचं तुम्ही चोवीस तासांत सरकारला कळवताच, पासपोर्टची नोंद तुमच्याकडे असतेच, मग त्याला खोलीच्या नावाने कोड द्या. दुसरं, ओटीपीसाठी घेतलेल्या नंबरवर दिवाळी ऑफर पाठवू नका. 2023 चा डेटा संरक्षण कायदा सांगतो, ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरा. आणि ज्याला तुमचा मेसेज नकोसा झालाय तो तुमचा पासही घेत नाही.

तिसरं जरा नाजूक आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे घरगुती प्लॅन आहे आणि त्यावरच पास विकायचा बेत आहे. बहुतेक कंपन्यांच्या अटींत हे बसत नाही. सरळ वाट हवी असेल तर डिसेंबर 2020 मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेली पीएम-वाणी योजना आहे. तिच्यात किराणा दुकानदारसुद्धा परवान्याशिवाय वायफाय विकू शकतो. 2022 पर्यंत देशात एक कोटी हॉटस्पॉट करायचं सरकारी धोरण होतं. 2024 मध्ये पीएम-वाणीचे आकडे दोन लाखांच्या आसपास होते. दुकानदारांना महागडी लाइन घ्यायला लावली जात होती, हे त्याचं एक मोठं कारण. जून 2025 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने आदेश काढला की पीएम-वाणीवाल्या दुकानदाराला 200 एमबीपीएसपर्यंतच्या फायबर प्लॅनसाठी घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त लावायचं नाही. दुप्पट म्हणजे जास्तच, पण हिशोबात बसतं. तुमच्या कंपनीला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

अभ्यासिकावाल्यांनो, तुमच्याशी मला वेगळं बोलायचंय. लॉजमधला पाहुणा दोन दिवसांचा असतो. तुमच्याकडचं पोर दोन-दोन वर्षं त्याच खुर्चीत बसतं, गावाकडून महिन्याला ठरावीक पैसे येतात, आणि मेसच्या डब्यातून वाचवलेले शंभर रुपयेही त्याला मोठे असतात. त्याच्याकडून वायफायचे जास्तीचे पैसे घेऊ नका असं मी म्हणत नाही. खुर्चीचं भाडं परवडण्यासाठी तुम्हालाही कुठून तरी भरून काढायचंय. पण काय विकायचं ते नीट निवडा. पेठेतल्या एका अभ्यासिकेत फुकटचे रोज 100 एमबी आणि पुढे महिन्याचा पास, असा बेत होता. परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख आली. एका मुलीचे 100 एमबी सकाळीच फोनच्या आपोआप होणाऱ्या अपडेटने गिळले होते. फोटो चढला, सही चढेना. मी तिथे दुसऱ्याच कामाला गेलो होतो. तिचा चेहरा बघून मालकाने स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट दिला, अर्ज गेला. त्याच संध्याकाळी त्याने मला नियम बदलायला लावले. आता तिथे परीक्षांच्या, अर्जांच्या आणि शासनाच्या संकेतस्थळांना मोजमापच नाही, ती सगळ्यांना मोकळी. पैसे लागतात ते व्हिडिओ लेक्चरला, आणि तोही पास मासिक भाड्याबरोबरच, पन्नास रुपयांचा. राउटरमध्ये ही मोकळी यादी करायला मला चाळीस मिनिटं लागली. तुमच्याकडे येऊन करायचे मी पैसे घेणार नाही, चहा द्या.

एक विनंती सगळ्यांनाच. पास संपायच्या आधी सांगा, संपल्यावर नको. मीटिंगच्या मध्यात नेट कापून ‘रिन्यू करा’ म्हणणं म्हणजे न्हाव्याने अर्धी दाढी करून भाव वाढवण्यासारखं आहे. आणि तुमच्या बाजूने लाइन गेली असेल तर मागितल्याशिवाय पैसे परत करा. शंभराची नोट परत मिळालेला पाहुणा पुढच्या वेळी तीन दिवसांचा पास घेतो, हे मी दोनदा तरी पाहिलंय.

रिसेप्शनवर लावायचा मजकूर खाली देतो. दर आणि वेळा आपापल्या घाला, हवा तसा बदला, छापताना ‘हाय स्पीड’ तेवढं घुसडू नका.

‘वायफाय सर्वांना मोफत. मेसेज, कॉल, तिकीट, नकाशा यांना पुरेल इतकं. मीटिंग असेल किंवा टीव्हीवर मॅच लावायची असेल तर वेगळा पास आहे: एका दिवसाचे 100 रुपये, खोलीच्या बिलात लागतील, तीन उपकरणं चालतील. खोली क्रमांक 11 आणि 12 मध्ये सिग्नल कमी येतो. तिथल्या पाहुण्यांनी पास घेण्याआधी आम्हाला विचारावं. लाइन गेली तर पैसे परत.’

अकरा आणि बाराच्या जागी तुमच्या खोल्यांचे आकडे टाका. कुठल्या ते तुम्हाला माहीत आहेच.

आपला,
वायरवाला